मागच्या वायपरला कोणी वाली नाही

काल रात्री मुंबईत जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) जे झालं त्याने अजून डोकं तापलेलं आहे. आठ दिवसांपूर्वीच मागच्या वायपरला नवीन ब्लेड टाकलं, बारा इंची, ओरिजिनल, बिल आहे माझ्याकडे, आणि तरी पाऊस लागला की काचेच्या बरोबर मधोमध चार बोटं रुंद पट्टा तसाच राहतो. आरशातून जिथे दिसायला पाहिजे नेमकं तिथेच. मागे ट्रक आहे की बस, काही कळत नाही, नुसता पिवळा उजेड पसरलेला. घरी पोचून सोसायटीत रिव्हर्स घेताना बायको "थांब, थांब!" ओरडली म्हणून ब्रेक दाबला. मागे तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा सायकल घेऊन उभा. कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंब बसलेला, त्यात काय दिसणार.

आज हाफ डे टाकून सर्व्हिस सेंटरला गेलो, ज्यांनी ब्लेड बसवलं त्यांच्याकडेच. हातात टॅब घेतलेला मुलगा गाडीकडे न बघता म्हणतो, "सर, ब्लेड तर नवीन आहे, म्हणजे मोटर वीक झाली असेल, असेंब्लीच बदलावी लागेल, साडेपाच हजार प्लस लेबर." अरे बाबा, मोटर वीक असती तर वायपर रखडत फिरला असता, मध्येच अडकला असता! तो व्यवस्थित फिरतोय, फक्त काचेवर दाबून बसत नाहीये. हे मी तीनदा सांगितलं. तीनदा "हो सर, चेक करतो सर". मग दीड तास बसवून ठेवलं, डिकीच्या दरवाज्याचं आतलं पॅनल उघडलं, परत लावलं आणि चेकिंगचे सहाशे रुपये लावले. निदान तेच, असेंब्ली. ब्लेड धरणारा आर्म उचलून सोडून बघायला दोन बोटं लागतात हो, तेवढं एकानेही केलं नाही!

हेच लोक दर सर्व्हिसला एसीचा फवारा नि अंडरबॉडी कोटिंग गळ्यात मारतात. वॉशिंग झालं की डॅशबोर्डचं पॉलिश त्याच फडक्याने काचेलाही चोळतात, मग पहिल्या पावसात काचेवर तेलकट इंद्रधनुष्य. सोसायटीत गाड्या धुणाऱ्याला तर मी दोन वर्षं सांगतोय की ज्या फडक्याने चाकं पुसतोस त्याने काच पुसू नको. वाळूचे कण रबराच्या धारेत बसतात आणि नवीन ब्लेड महिन्यात ओरखडे काढायला लागतं. आणि सेडानवाले मित्र सल्ला देतात, मागचा वायपर लागतोच कशाला! तुमच्या उतरत्या काचेवरून पाणी वाऱ्याने निघून जातं रे. हॅचबॅकची काच उभी, मागे हवा भोवरा घेते आणि चाकांनी उडवलेला सगळा चिखल उचलून तिच्यावरच आणून चिकटवते. रस्ता खोदलेला असेल तर विचारूच नका.

शेवटी सर्व्हिस सेंटरवरून तसाच कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या बाजारात. दुकानातल्या चाचांनी आर्म उचलला, सोडला, तो मेल्यासारखा खाली आला. "साब, स्प्रिंग गया है." पाच सेकंदं! आत गंज धरलेला, ताणच उरला नव्हता, त्यामुळे ब्लेडची दोन टोकं टेकत होती आणि मधला भाग हवेत. नवीन आर्म साडेचारशे रुपये. झाकण काढलं, नट सोडवला, जुना आर्म गंजून स्पिंडलला, म्हणजे तो ज्या दांड्यावर फिरतो त्याला, घट्ट बसलेला तो हलवत हलवत काढला, काच शाम्पूच्या पाण्याने दोनदा घासली, पॉलिशचा थर निघाला. वीस मिनिटांत काम खल्लास. पाणी मारून दाखवलं, एका फेरीत काच लख्ख. साडेचारशे विरुद्ध साडेपाच हजार! आणि वर मी तिथे सहाशे रुपये देऊन आलेलो.

घरी येऊन वॉशरचं बटण दाबलं तर काचेवर पाण्याचा टिपूस नाही. वाटलं नोझल तुंबलं असेल, टाचणी घालून बघितलं, साफ आहे. मग डिकी उघडली. कार्पेट ओलं, खाली स्टेपनीच्या खळग्यात पाणी. पुढच्या टाकीतून छतातून मागे येणारी ती बारकी नळी चेकिंगवाल्यांनी पॅनल काढताना उपटली आणि परत बसवलीच नाही! आत्ता रात्रीचे साडेदहा वाजलेत, मी बिल्डिंगखाली स्पंजने स्टेपनीचा खळगा कोरडा करतोय आणि उद्या सकाळी नऊला ते शटर उघडायच्या आधी मी सहाशेची पावती घेऊन दारात उभा असणार आहे.