दादाचं चाळीस आणि लशीची रांग

नमस्कार.

डाउन सिंड्रोम असलेल्या माझ्या भावाला, दादाला, कोविडची लस आधी आणि वॉर्डात सोबत मिळायला हवी होती, असा लेख मी लिहिला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत, "माझे वडील अडुसष्टाव्या वर्षी कोविड वॉर्डात एकटे गेले. आम्हाला काचेतूनही बघू दिलं नाही. तुमच्या भावाला मात्र लस आधी हवी, सोबत माणूसही हवं. डाउन सिंड्रोम आहे म्हणून वेगळा न्याय का?"

दोन दिवस उत्तर लिहायला हात धजावला नाही. तुमच्या वडिलांच्या उशाशी कुणीतरी असायलाच हवं होतं. ते हिरावून दादाला द्या, असं मी कधीच म्हणणार नाही.

आधी माझी चूक. डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येकाला सारखाच धोका, असं मी लेखात लिहून गेले. ते बरोबर नव्हतं. जिवावरचा धोका मुलांपेक्षा मोठ्यांना कितीतरी जास्त, आणि चाळिशीपासून तो झपाट्याने वाढतो. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

पण माझा मुद्दा त्या चाळिशीचाच आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडमधल्या 80 लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय, वजन, हृदयविकार हे सगळं हिशेबात धरूनही डाउन सिंड्रोम असलेल्यांना कोविडने मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे 10 पट निघाला, हॉस्पिटलात भरती होण्याचा 4 पट. पुढच्याच महिन्यात ब्रिटनने त्यांना अतिजोखमीच्या यादीत घेतलं. डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या पेशींत एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. विषाणू शिरला की शरीर इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून हाकाटी करतं, आणि ती हाक ऐकणारी काही जनुकं याच गुणसूत्रावर बसलेली. म्हणून प्रतिकारशक्तीचा तोल मुळातच निराळा. त्यात श्वासमार्ग अरुंद, स्नायू सैल, आणि जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष.

आपल्याकडे 1 मार्च 2021 ला 45 ते 59 वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस सुरू झाली. त्या यादीत बौद्धिक अपंगत्व होतं. पण दादा 40 चा. अठराच्या पुढच्यांना 1 मेपासून मिळणार होती, आणि साठा नाही म्हणून राज्याने 12 मेपासून तेही थांबवलं. दादाला कोविड झाला एप्रिलमध्ये.

नौपाड्यातल्या आमच्या घरी कालनिर्णयवर कालच्या तारखेला फुली मारायचं काम दादाचं. त्या सकाळी त्याने पेन उचललं नाही. ताप नाही, खोकला नाही. "दादा, दुखतंय का?" "नाही." पाय मोडला होता तेव्हाही तो नाहीच म्हणाला होता. ऑक्सिमीटर लावला तर बोटं गार, आकडाच येईना. तळहात चोळून ऊब आणली, तेव्हा दिसला 89, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन कमी.

हॉस्पिटलात सोबत कुणाला सोडेनात. रात्री त्याने ऑक्सिजनचा मास्क चार वेळा ओढून काढला. सकाळी फोन आला, हात बांधावे लागले म्हणून. मी स्वतः नुकतीच कोविडमधून उठले होते. तिसऱ्या दिवशी एका डॉक्टरबाईंनी पीपीई किट घालून मला आत घेतलं. मी एक ते दहा म्हणायचे, दादा मास्कमधून माझ्यामागून म्हणायचा, दहा झाले की परत एक. त्या दुपारी हात सोडले. पालथं झोपवताना मान जपा, हेही मीच सांगितलं. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. पालथं करताना किंवा श्वासाची नळी घालताना मानेला हिसका बसला तर मज्जारज्जूला इजा व्हायची भीती असते. वॉर्डात कुणाला ते माहीत नव्हतं. नर्सबाईंना दोष देत नाही, त्या एकट्या किती जणांना पुरणार?

सोबत मागितली ती एवढ्यासाठी. दादाला दम लागलाय हे ओळखणारं माणूस दोन रात्री दाराबाहेर बसून होतं.

अशी साथ पुन्हा आली, तर एका नातेवाइकाला किट घालून वॉर्डात बसू द्यावं, असा अर्ज आम्ही काही पालक आणि भावंडं महापालिकेला देतोय. त्यात फक्त अपंग व्यक्तींचा उल्लेख होता. तुमचं वाचल्यावर काल वृद्धांचाही घातला. तुमच्या वडिलांबाबत काय घडलं ते चार ओळींत लिहून द्याल का? अर्जासोबत जोडते.