निपाणीच्या काकांना उत्तर: ते धागे कॅमेऱ्याने पाहिलेले आहेत

काका, नमस्कार.

लाईट फील्ड कॅमेऱ्यावर, म्हणजे प्रकाश कुठून आला हेही नोंदवणाऱ्या कॅमेऱ्यावर, लिहिलेल्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही निपाणीहून एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. ३५ वर्षं स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाने शंका काढली की तिचं उत्तर दोन ओळींत देऊन भागत नाही, म्हणून हे वेगळं लिहितोय.

तुमचे आक्षेप दोन. एक, लाईट फील्ड कॅमेऱ्याचा आकडा ४० आणि हातात येणारा फोटो ४ मेगापिक्सेलचा, म्हणजे साधा माणूस फसतो. दोन, बेळगावच्या वडगावात मागावरच्या साडीचा मी जो ‘चारपट स्पष्ट’ फोटो टाकला, त्यातले धागे सॉफ्टवेअरने स्वतःच्या मनाने काढलेत. ‘जे निगेटिव्हवर नाही ते प्रिंटवर कुठून येणार?’ असं तुम्ही विचारलंत.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. माझ्याकडच्या लायट्रो इलम या कॅमेऱ्याचे ते ४० म्हणजे ४ कोटी किरणांची नोंद, ४ कोटी ठिपक्यांचा फोटो नव्हे. सेन्सरसमोर बारीक भिंगांची जाळी असते. प्रत्येक भिंगामागे पिक्सेलचा एक घोळका, आणि त्यातला प्रत्येक पिक्सेल मुख्य लेन्सच्या वेगळ्या भागातून आलेला प्रकाश टिपतो. प्रकाश कुठे पडला याच्याबरोबर तो कुठून आला हेही कळतं, पण त्याची किंमत ठिपक्यांत मोजावी लागते. २००५ साली स्टॅनफर्डमध्ये रेन एनजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातात धरता येईल असा पहिला नमुना केला, तेव्हा सेन्सर ४०९६ बाय ४०९६ चा होता आणि तयार फोटो जेमतेम ३०० बाय ३०० च्या आसपासचा. मी लेखात ४० हा आकडा लिहिला आणि तो कसला ते सांगितलं नाही, ही माझी चूक. लेखात आता दुरुस्ती केली आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही.

इलमच्या फाईलमधून एकेक दृश्य वेगळं काढलं की ते साधारण ६२५ बाय ४३४ ठिपक्यांचं निघतं. मी मधली ८१ दृश्यं घेतली. एकाच क्षणी, एकाच क्लिकमध्ये, पण लेन्सच्या ८१ वेगवेगळ्या जागांवरून पाहिलेली. तुमच्या खिडकीला डासांची जाळी असेल, तर तिच्यातून समोरच्या आंब्याकडे एक डोळा मिटून बघा. जाळीच्या तारांमागची पानं झाकलेली असतात. मान जराशी सरकवली की तीच पानं दिसायला लागतात आणि आधीची झाकली जातात. मान नेमकी एका घराइतकी सरकली, तर मात्र पुन्हा आधीचीच पानं. सगळी मेख या ‘जराशी’मध्ये आहे. दोन दृश्यांमधला सरक अर्ध्या ठिपक्याचा असला, तर दुसरं दृश्य पहिल्याच्या दोन ठिपक्यांमधली जागा वाचून आणतं. सगळी दृश्यं आपापल्या सरकाप्रमाणे एका बारीक जाळीवर बसवायची, एवढंच मी केलं. त्यात एआय नव्हतं.

आता साडीकडे या. मागावर काठाशेजारचा भाग होता आणि चौकटीची उंची १४ सेंटीमीटर. ४३४ ओळी १४ सेंटीमीटरवर पसरल्या म्हणजे एका सेंटीमीटरला ३१. विणकर मावशींकडे धागे मोजायचं भिंग आहे, ते कापडावर ठेवून आम्ही दोघांनी आडवे धागे मोजले. सेंटीमीटरला २२ भरले. २२ धागे नीट दिसायला किमान ४४ ओळी हव्यात, आपल्याकडे ३१. म्हणून एकट्या दृश्यात धागे दिसतच नाहीत, त्यांच्या जागी जाड लाटांसारख्या रेघा दिसतात. मी त्या मोजल्या तर सेंटीमीटरला ९ आल्या, आणि ३१ वजा २२ म्हणजे ९ च. म्हणजे धाग्यांची खूण कॅमेऱ्यापर्यंत पोचली होती, फक्त दुमडून चुकीच्या जागी बसली होती. ८१ दृश्यं एकत्र बसवल्यावर घडी उलगडली आणि ओळी झाल्या सेंटीमीटरला ६२. त्या फोटोत मोजले तर धागे २२. तेच दृश्य नुसतं ताणून मोठं केलं की त्या ९ लाटाच मोठ्या होतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर निगेटिव्हवर होतं, पण ८१ तुकड्यांत विखुरलेलं होतं.

हे पहिल्या फटक्यात जमलं नाही. पहिल्या दिवशी मी सवयीप्रमाणे फोकस बरोबर कापडावर नेला. घरी येऊन दृश्यं जुळवली तर सरक शून्य! सगळ्या दृश्यांनी तेच ते ठिपके वाचले होते. दाणे, म्हणजे फोटोतली खरखर, कमी झाले, फोटो मऊ आणि स्वच्छ आला, पण एकही नवा धागा दिसला नाही. मुख्य लेन्स जिथे बरोबर फोकस होते, तिथे या कॅमेऱ्यात दृश्यं जुळवून नवं काही हाती लागत नाही. आयुष्यभर फोकस अचूक साधणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्याला हे पटायला जड जातं. दुसऱ्या दिवशी फोकस मुद्दाम कापडाच्या थोडा पुढे आणला, तेव्हा काम झालं. बेळगावच्या कमल बस्ती या जैन मंदिरातल्या १२०४ सालच्या त्या लटकत्या दगडी कमळाचा फोटो मी असाच हातात धरून काढला, तर काही पाकळ्यांची कोर धारदार आली आणि मधला एक पट्टा तसाच पुसट राहिला. तो पट्टा नेमका फोकसच्या अंतरावर होता. लम्सडेन आणि जॉर्जिएव्ह या संशोधकांनी २००९ साली बारीक भिंगांचंच फोकस बदलून मुख्य लेन्सच्या प्रतिमेवर आणलं, ते ठिपक्यांचा हा तोटा कमी करायलाच.

पण याला मर्यादा आहेत. प्रत्येक भिंग स्वतःच्या रुंदीभर प्रकाश गोळा करतं, त्यामुळे तपशील आधीच थोडा पुसला जातो. माझ्या अनुभवात प्रत्येक बाजूला दुप्पट ठीक. त्यापुढे ताणलं तर धाग्यांऐवजी दाणे वाढतात. ‘चारपट’ मी क्षेत्रफळाच्या हिशोबाने लिहिलं होतं, ते बदलून ‘प्रत्येक बाजूला दुप्पट’ केलं आहे. आणि २०१५ पासून शिकवलेली नेटवर्क, म्हणजे एआय, वापरून हेच काम करण्याच्या पद्धती आल्यात, त्यांच्याबाबत तुमची शंका मला रास्त वाटते. शिकलेलं नेटवर्क पाहिलेल्या धाग्यांत न पाहिलेले धागे मिसळू शकतं. कापडाची नोंद ठेवायची असेल तर ते मला नको.

शेवटी तुम्ही लिहिलंत की २०१८ ला बंद पडलेल्या कंपनीचा कॅमेरा घेऊन बेळगावात काय करणार. मावशींच्या घरी आता एकच हातमाग उरलाय. माग चालू असताना कापड हलतं, काठ वर उचललेला असतो आणि पोत खाली. एका क्लिकमध्ये कापडाची खोली आणि विण दोन्ही मिळतं, आणि तो काठ पुन्हा विणायचा म्हटलं तर मोजता येईल असा फोटो राहतो. मला त्या कापडासाठी हे हवंय.

मूळ फाईल आणि ८१ दृश्यं उद्या तुम्हाला पाठवतो. कापडाचा तुकडाही मावशींनी दिलाय. निपाणीला येईन तेव्हा घेऊन येतो. तुमच्या भिंगाखाली ठेवून मोजा की, आणि २२ भरले नाहीत तर इथेच लिहा.