देवासाठी हो!

सहकारनगरला बंगला आहे म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एकदम आदर येतो. बंगला म्हणजे काय, तर १९६१ साली पानशेत फुटल्यावर पूरग्रस्तांच्या ज्या सोसायट्या इकडे उभ्या राहिल्या, त्यातलं आजोबांचं बैठं घर आणि त्यावर वडिलांनी चढवलेला मजला. पुढे चार झाडं. आणि फाटकासमोरचा रस्ता तळजाईच्या टेकडीकडे जाणारा. सगळी गोम या रस्त्यात आहे.

पहाटे टेकडीवर जाणारी मंडळी जाताना रिकामी असतात. परतताना त्यांच्या हातात देवपूजेची पिशवी असते, ती आमच्या कुंपणापाशी भरते. त्यातले कानटोपीवाले काका तर उन्हाळ्यातही छत्री घेऊन येतात. छत्रीच्या मुठीने जास्वंदीची फांदी खाली ओढायची, फुलं खुडायची आणि फांदी सोडून द्यायची. ती सपकन वर जाते आणि पानांवरचं दव खिडकीत चहा पीत बसलेल्या माझ्या तोंडावर येतं. फुलं सगळी नेतात. फांद्यांवर पडलेला पांढरा मावा, म्हणजे कीड, मात्र आजवर कुणीही, अगदी देवासाठीसुद्धा, नेलेला नाही.

पारिजातकाची तऱ्हा आणखी वेगळी. जमिनीवर पडलेलं असूनही देवाला चालतं असं हे फूल, आणि आमचा सडा पडतो कंपाउंडच्या आत. त्यामुळे आत येणं ओघानंच आलं. आमच्या फाटकाची कडी आवाज न करता काढणं घरात कुणालाही साधलेलं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या काकूंना साधतं.

पुण्यात राहून पाटी लावली नाही तर शेजारी काय म्हणतील, म्हणून ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटीही लावली. दुसऱ्या दिवशी काकांनी पिशवी पाटीच्या खिळ्याला अडकवली. दोन्ही हात मोकळे झाले ना!

मग बायकोने अक्कल लढवली. जास्वंदीच्या कळ्या आदल्या संध्याकाळी काढून ठेवल्या तरी सकाळी घरात उमलतात. झालं, आम्ही संध्याकाळी कळ्या काढू लागलो. हे बाहेर कसं फुटलं कोण जाणे, पण आठवड्याभरात काका संध्याकाळीही फिरायला जाऊ लागले. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे.

अंगारकीला तर कहर होतो. लाल फुलाचा मागमूस राहत नाही, दुर्वांच्या वाफ्यात नुसती माती दिसते आणि आमचा गणपती मंडईतून आणलेल्या शेवंतीवर भागवतो. आईकडे तक्रार न्यावी तर ती म्हणते, “अरे, देवालाच वाहतात ना? डोक्यात थोडीच माळतात!” काकांना टक्कल आहे, हे मी बोललो नाही.

परवा शेवटी धीर करून त्यांना फाटकाशी गाठलंच. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, “बरं झालं भेटलात. यंदा फुलं फार बारीक येताहेत हो तुमची. शेणखत घालत नाही वाटतं?”

“घालतो,” मी म्हणालो. दुसरं सुचलंच नाही.

“आणि मे महिन्यात कोकणात जाणार आहात असं आई म्हणत होत्या. झाडं वाळतील. किल्ली ठेवून जा आमच्याकडे, मी घालीन पाणी.”

मी ठाम नकार द्यायला वळलो, तर आई डबल किल्ली शोधायला आत गेली होती.