आता निदान अॅलेक्स टकला तरी सोडू नका

जून २०२५चा शेवटचा आठवडा. पेटर्का गेला. जेजे पेटर्का, तेवीस वर्षांचा, म्युनिकचा पोरगा, सरलेल्या मोसमात ७७ सामन्यांत २७ गोल आणि ६८ पॉइंट्स (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केलेला आमचा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा फॉरवर्ड. बफेलो सेबर्स या आमच्या आइस हॉकी संघाने त्याला युटाला देऊन टाकलं. बदल्यात मायकल केसलरिंग हा डिफेन्समन आणि जॉश डोन हा तरुण फॉरवर्ड. युटाने त्याच्याशी पाच वर्षांचा करारही करून टाकला, वर्षाला ७.७ मिलियन डॉलर. बातमी वाचली आणि फोन पालथा ठेवून दिला. आता घरात सगळे झोपलेत आणि मला लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

माझं लिखाण वाचणाऱ्यांच्या यादीत इथले बफेलोचे लोक आहेत, पलीकडे टोरांटोचे आहेत आणि आइस हॉकीशी काडीचा संबंध नसलेलेही बरेच आहेत. त्यांच्यासाठी एवढंच सांगते: २०११ नंतर २०२५पर्यंत बफेलो सेबर्स एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, गेले नाहीत. सलग चौदा मोसम. एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगच्या इतिहासात एवढा मोठा दुष्काळ दुसऱ्या कुठल्याही संघाच्या वाट्याला आलेला नाही. आणि हेही लक्षात घ्या की बत्तीस संघांतले सोळा प्लेऑफला जातात. निम्मे! निम्म्यांतही चौदा वर्षं नंबर लागत नाही म्हणजे काय, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

दर वेळी सांगितलं जातं की गोल करणारे कमी पडतात, अजून एक फॉरवर्ड हवा, पहिल्या लाइनला (एकत्र खेळणाऱ्या तीन फॉरवर्डांच्या पहिल्या फळीला) सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड हवा. मला हे पटत नाही. गोल करणारे या संघाला कायम मिळत आलेत. कुणाला किती वर्षांचा करार द्यायचा आणि कुणाला काही झालं तरी सोडायचं नाही, हेच इथे कुणाला कळत नाही.

हा खेळ बघायचा कसा हे मला एका अनोळखी आजोबांनी शिकवलं. २०१७-१८चा मोसम होता. संघ अख्ख्या लीगमध्ये शेवटून पहिला. आमची तिकिटं अगदी वरच्या मजल्यावरची आणि शेजारी हे आजोबा, एका कानात रेडिओचा इयरफोन, दुसरा कान खेळाला मोकळा. मी सगळ्यांसारखी पकच्या, म्हणजे चेंडूऐवजी असते त्या रबरी चकतीच्या मागे डोळे पळवत होते. ते म्हणाले, "पक सोड. ही पूर्ण शिफ्ट फक्त नव्वद नंबरकडे बघ." शिफ्ट म्हणजे खेळाडू बाकावरून उठून बर्फावर जातो ते परत येऊन बसेपर्यंतचा वेळ.

नव्वद नंबर म्हणजे रायन ओ'रायली. मी बघत राहिले. समोरच्या गोलपाशी पक प्रतिस्पर्ध्यांकडे गेला आणि आमचे बाकीचे दोघे फॉरवर्ड हात टेकल्यासारखे सरळ उभे राहिले. हा मात्र पक गेला त्याच क्षणी वळला. मान खाली घालून अख्खं मैदान मागे आला, आमच्या गोलसमोर शॉट मारायच्या बेतात असलेल्याची काठी याने आपल्या काठीने खालून उचलली, पक काढून घेतला, दोन हातांवरच्या डिफेन्समनला छोटासा पास दिला आणि वाकून धापा टाकत बाकावर जाऊन बसला. जेमतेम पाऊण मिनिट. गोल नाही, टाळी नाही, पाटीवर त्याच्या नावापुढे काही नाही. आजोबा एवढंच म्हणाले, "याचे पैसे असतात."

तो मोसम संपल्यावर ओ'रायलीने पत्रकारांसमोर कबूल केलं की सततच्या पराभवांनी वर्षभरात अनेकदा त्याचं खेळावरचं प्रेमच उडालं होतं. खरं बोलला बिचारा. १ जुलै २०१८ला, त्याचा ७.५ मिलियनचा बोनस देय व्हायचा त्याच दिवशी, त्याला सेंट लुईसला पाठवलं. पुढच्याच वर्षी सेंट लुईसने स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद) जिंकला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्मिथ ट्रॉफी ओ'रायलीला मिळाली. सेल्कीसुद्धा त्यालाच, म्हणजे बचावातलं काम सगळ्यांत चोख करणाऱ्या फॉरवर्डला देतात तो पुरस्कार. आजोबांना वरच्या मजल्यावरून दिसत होतं ते खाली ऑफिसात बसलेल्यांना दिसलं नाही.

हो, त्याच व्यवहारात टेज थॉम्पसन आला आणि आज तो आमचा सगळ्यांत मोठा गोल करणारा आहे, ४७ गोल एका वर्षी, या वर्षी ४४. मान्य. पण ते फळ यायला चार वर्षं गेली, तेही डॉन ग्रॅनॅटोने त्याला विंगवरून सेंटरला आणलं म्हणून. आणि त्याच्याबरोबर आलेला बर्गलंड डिसेंबरपर्यंत संघ सोडून घरी गेला होता.

आता पुढचं ऐका. ज्या उन्हाळ्यात ओ'रायली गेला त्याच उन्हाळ्यात जेफ स्किनर आला. जॅक आयकलच्या शेजारी खेळून त्याने ४० गोल केले. लगेच जून २०१९मध्ये आठ वर्षं, ७२ मिलियन, शिवाय त्याच्या परवानगीशिवाय त्याला हलवायचं नाही हे कलम. एका वर्षाच्या गोलांवर! मी तेव्हाही हेच म्हणत होते: पक गेल्यावर हा काय करतो ते बघा. पुढच्या वर्षी १४ गोल, त्याच्या पुढच्या वर्षी ५३ सामन्यांत ७. कोच राल्फ क्रूगरने त्याला चौथ्या लाइनवर टाकलं, काही सामने तर बाहेरच बसवलं. नंतर तो सावरला, ३३ आणि ३५ गोल केले, हेही खरं. तरी गेल्या वर्षी बायआउट केलंच, म्हणजे उरलेल्या कराराचे काही पैसे देऊन त्याला मोकळं केलं. त्या बायआउटचा बोजा २०२९-३० पर्यंत कॅपवर, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेवर बसणार आहे. येत्या मोसमात ४.४ मिलियन, त्याच्या पुढच्या मोसमात ६.४. एवढे पैसे अशा माणसाचे, जो आमच्यासाठी बर्फावर पाऊलही ठेवणार नाही.

स्किनरवर माझा राग नाही, हे लिहून ठेवते. मनापासून खेळणारा, हसरा माणूस. हजाराहून जास्त सामने खेळला आणि पहिला प्लेऑफ सामना त्याला या एप्रिलमध्ये एडमंटनकडून मिळाला. तो सामना मी बघितला आणि मला खूप बरं वाटलं. ज्याला आठ वर्षं देऊ केली त्याने ती घेतली, त्यात त्याचा काय दोष? राग आहे तो देणाऱ्यांवर.

आणि त्याच एडमंटनविरुद्ध आठ-नऊ दिवसांपूर्वी काय झालं? अंतिम फेरीचा सहावा सामना. सॅम राइनहार्टने चार गोल मारले आणि फ्लोरिडाने सलग दुसऱ्यांदा कप उचलला. गेल्या वर्षी सातव्या सामन्यातला निर्णायक गोलही त्याचाच. हा आमचा पोरगा. २०१४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे तरुण खेळाडू निवडतात त्यात, दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला. त्याला आम्ही काय दिलं? आधी दोन वर्षांचा करार, मग एका वर्षाचा. दर वेळी अजून सिद्ध कर, अजून सिद्ध कर. आजोबांच्या पद्धतीने राइनहार्टकडे बघितलं असतं ना, तर करार कधीच झाला असता. गोलसमोरच्या गर्दीत मार खात उभा राहणारा, पेनल्टी किलिंग (आपला एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा बचाव) करणारा, कुठेही खेळवा, तक्रार नाही. स्किनरला एका हिवाळ्यावर आठ वर्षं आणि याला सहा वर्षं बघूनही एका वर्षाचा तुकडा. २०२१मध्ये त्याला फ्लोरिडाला दिलं. तिथे एका मोसमात ५७ गोल केले आणि आठ वर्षांचा करार ८.६२५ मिलियनने झाला, म्हणजे आम्ही स्किनरला देत होतो त्याहून कमी! तो तेव्हा इथे राहिलाच असता असं नाही, खेळाडूलाही काही वाटत असतं. पण आम्ही त्याला राहावंसं वाटेल असं काय केलं?

आयकलबद्दल लिहायला घेतलं तर पहाट होईल. मानेच्या डिस्कवर कुठली शस्त्रक्रिया करायची यावरून वाद, कॅप्टनपद काढून घेतलं, मग व्हेगास. २०२३मध्ये तिथे कप, आणि त्या प्लेऑफमध्ये सगळ्यांत जास्त पॉइंट्स त्याचे. ओ'रायली, आयकल, राइनहार्ट. एकाच वेळी एकाच संघात हे तिघे फॉरवर्ड होते हो! आणि तो संघ शेवटून पहिला आला. आता मला सांगा, दोष फॉरवर्डांचा होता?

मग आमचा सेंटर डिलन कझन्स. एका मोसमात ३१ गोलांकडे निघालाय म्हटल्यावर मोसम चालू असतानाच सात वर्षांचा, ७.१ मिलियनचा करार. पुढच्या वर्षी १८ गोल. या मार्चमध्ये त्याला ओटावाला दिलं आणि जॉश नॉरिस घेतला, ज्याचा करार त्याहून महाग आणि ज्याचा खांदा पुन्हा पुन्हा दुखावलेला. नॉरिस आमच्यासाठी तीन सामने खेळून जायबंदी झाला. ओटावा प्लेऑफमध्ये गेली. त्याआधी केसी मिटलस्टाट हा सेंटर गेला तेव्हा तो संघात सगळ्यांत जास्त पॉइंट्स करत होता. बदल्यात आलेला बोवेन बायरम चांगला आहे, पण २०२५च्या या जूनमध्ये तोसुद्धा करारावाचून बसलाय.

सेबर्सचे तेव्हाचे जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर, केविन अॅडम्स यांनी डिसेंबर २०२४मध्ये सांगितलं होतं की इथे पामची झाडं नाहीत आणि न्यूयॉर्क राज्याचे कर आहेत, त्यामुळे खेळाडू यायला तयार होत नाहीत. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. संघ तेव्हा सलग तेरा सामने हरण्याच्या वाटेवर होता आणि हे झाडांबद्दल बोलत होते! विनिपेगला कुठली पामची झाडं आहेत? त्यांनी मार्क शायफलीला सात वर्षांसाठी धरून ठेवलं, ३० पार केलेल्या सेंटरला, आणि या वर्षी लीगमध्ये सगळ्यांत जास्त गुण त्यांचे. थंडीला घाबरून कुणी पळत नाही. दर दोन वर्षांनी कोच बदलतो, शेजारच्या लॉकरमधला मित्र ट्रेड होतो आणि एप्रिल आला की सामान भरायचं, याला कंटाळून पळतात. आणि मालकांचे पैसे? गेल्या मोसमात कॅपमध्ये काही मिलियन वापराविना पडून राहिले. स्किनरला काढलं तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत चांगले लोक आणणार असं सांगितलं होतं. मग आणले का नाहीत?

आता पेटर्का. मी त्याच्याकडेही आजोबांच्या नजरेने बघत आलेय आणि खोटं बोलणार नाही, पक गेल्यावर तो उशिरा वळतो. समोरच्या ब्लू लाइनपाशी रेंगाळतो, पुढच्या पासची वाट बघत. आमचा संघ करतो त्यापेक्षा खातो जास्त, आणि त्यात त्याचा वाटा आहे. उजव्या हाताचा धिप्पाड डिफेन्समन हवा होता, केसलरिंग तसा आहे. डोन मागे धावून येणारा आहे म्हणतात. ठीक. पण तेवीसव्या वर्षी मागे वळायला शिकवता येतं हो. तो वेग आणि ते मनगट शिकवता येत नाही. लिंडी रफसारखा कोच आहे ना तुमच्याकडे? मग त्यांना शिकवू द्या की! त्याला इथे राहायचं नव्हतं अशी चर्चा आहे. असेलही. मग परत त्याच प्रश्नावर येतो आपण, की कुणालाच इथे राहायचं का नसतं.

लिहिता लिहिता राग थोडा निवळलाय. कारण एकाला राहायचंय.

अॅलेक्स टक. सिरॅक्यूसजवळचा, लहानपणापासून सेबर्सचा चाहता. आयकलच्या बदल्यात आला आणि पहिल्या दिवसापासून असा वागला की त्याला शिक्षा नाही, बक्षीस मिळालंय. या मोसमात ३६ गोल. पण गोल सोडा. पुढच्या वेळी त्याची एक शिफ्ट नुसती बघा, पककडे न बघता. सहा फूट चार इंचांचा माणूस पहिल्या तीन ढांगांत वळून मागे निघालेला असतो. पेनल्टी किलिंगमध्ये शॉटसमोर गुडघा टाकून आडवा पडतो, लंगडत बाकावर जातो आणि पुढच्या शिफ्टला परत येतो. ओ'रायलीनंतर मला असा फॉरवर्ड या जर्सीत दिसलेला नाही. आणि त्याला आपण देतो ४.७५ मिलियन, तोही व्हेगासने केलेला करार. तो २०२६च्या उन्हाळ्यात संपतो.

१ जुलै २०२५पासून तो करार वाढवता येईल. एक जुलै, त्याच तारखेला ओ'रायली गेला होता. टक २९ वर्षांचा आहे, आठ वर्षांच्या करारात शेवटची दोन-तीन वर्षं जड जातील, हे मलाही कळतं. जाऊ देत. कॅप येत्या मोसमात ९५.५ मिलियन होतेय, त्याच्या पुढच्या वर्षी १०४, मग ११३.५. आज महाग वाटणारा आकडा तेव्हा मधल्या लाइनचा वाटेल. थॉम्पसनला सात वर्षांसाठी ५० मिलियन दिले तेव्हाही लोक ओरडले होते, आज लीगमधल्या सगळ्यांत स्वस्त करारांत तो धरतात. रायन मॅक्लाउडलाही बांधून घ्या, तोही मागे धावणारा सेंटर आहे आणि त्याचाही करार २०२५च्या उन्हाळ्यात संपतोय. पण आधी टक.

"मोसम कसा जातो बघू, मग ठरवू" हे ऐकायचं नाहीये मला. राइनहार्टच्या वेळी तेच ऐकलं होतं. फेब्रुवारीत आपण पुन्हा तळाला असू, मार्चमध्ये ट्रेडची डेडलाइन येईल, टकचे गोल मोजून कुणीतरी ड्राफ्टमधला एक पहिल्या फेरीचा पिक देईल आणि २०२७मध्ये तो दुसऱ्याच कुणाच्या जर्सीत कप उचलताना मी टीव्हीवर बघेन. परवा ड्राफ्ट आहे, नववा पिक आपला, अठरा वर्षांच्या मुलाला टोपी घालून फोटो काढतील. काढा. पण ते झाल्यावर लगेच टकच्या एजंटला फोन करा आणि आठ वर्षांचा आकडा सांगा.