"कुणामुळे आलं?" हे मला विचारू नका

पाऊस लागला की पाळणाघराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. इवलासा तळहात, त्यावर लाल पुरळ, आणि खाली "ताई, हे काय असेल?" हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारला जातो. दुसरा मात्र मला एकटीला येतो. "खरं सांगा ना, कुणामुळे आलं?"

मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते. हे पुरळ बहुधा हॅन्ड-फूट-माउथचं असतं. विषाणूमुळे होणारा, एका मुलाकडून दुसऱ्याला लागणारा हा आजार आता बहुतेक आईबापांना ऐकून माहीत आहे. आधी ताप, मग तोंडात फोड, मग तळहात, तळपाय, गुडघे आणि ढुंगणावर पुरळ. मूल जेवत नाही, लाळ गळते, कडेवरून उतरत नाही. बहुतेक मुलं आठ-दहा दिवसांत आपली आपण बरी होतात. या कांजण्या नव्हेत. गुरांच्या लाळ्या-खुरकुताशीही याचा काही संबंध नाही, गावच्या आजोबांनी कितीही शपथेवर सांगितलं तरी. आणि 2022 मध्ये केरळातल्या कोल्लमकडून "टोमॅटो फ्लू" म्हणून चॅनेलवाल्यांनी जो धुरळा उडवला होता, तोही शेवटी हाच आजार निघाला. बिचाऱ्या टोमॅटोचा दोष इतकाच, की फोड लाल होते.

आता "कुणामुळे". विषाणू पोटात गेल्यापासून ताप चढेपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात. पुरळ उठायच्या आधीच मूल तो विषाणू इतरांना वाटायला लागलेलं असतं. काही मुलांना तर काहीच होत नाही, नुसती वाटत फिरतात. मोठ्यांचंही तेच, म्हणजे रविवारी येऊन पापे घेऊन गेलेला मामासुद्धा संशयित! बरं झाल्यावरही मुलाच्या शीमधून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. मग ज्याच्या हातावर पुरळ आधी दिसलं, त्यानेच आणलं हे कशावरून? तरीही दरवर्षी एका आईला ग्रुपवर टोमणे खावे लागतात. बाबांना कुणी काही म्हणत नाही, हे जाताजाता सांगून ठेवते.

याच कारणाने "फिट सर्टिफिकेट आणा" हा काही ठिकाणचा हट्टही मला पटत नाही. मुलाच्या पोटात विषाणू उरलाय की नाही, हे तपासून बघून कुठला डॉक्टर सही करणार आहे? माझ्याकडे तो कागद लागत नाही. औषध न देता चोवीस तास ताप नाही, लाळ गळायची थांबली, फोड वाळले, मूल खातंय-खेळतंय, की आणा.

यातलं "औषध न देता" मी मुद्दाम म्हणते. सकाळी पॅरासिटामॉल पाजून, अंग गार करून मूल सोडलं जातं. अकरा-साडेअकराला औषध उतरतं आणि मूल तापाने फणफणतं. आम्हाला हे कळत नाही असं समजू नका. पण त्या आईवर मला राग धरता येत नाही. ती तोवर लोकलच्या गर्दीत उभी राहून ऑफिसला पोचलेली असते, आणि तिच्या रजा मागच्याच महिन्यातल्या सर्दी-तापात संपलेल्या असतात. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सगळ्या नोकरीत मिळून 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. खासगी नोकरीत मूल आजारी पडलं म्हणून घ्यायची रजा कायद्यात नाही. "आजारी मुलाला घरी ठेवा" ही पाटी मी दारावर लावू शकते, पण ती पाळायची तर आधी बॉसने वाचायला हवी.

पाळणाघर बघायला येणारे सीसीटीव्ही आहे का विचारतात, मुलांशी इंग्रजीत बोलता का विचारतात. डायपर बदलायची जागा जेवणापासून किती लांब आहे, तिथे नळ आहे का, एका मुलाचं बदलून दुसऱ्याला हात लावायच्या आधी ताई साबणाने हात धुते का, तेवढा वेळ तिला मिळतो का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. हा आजार पसरतो तो शी, लाळ, शेंबूड आणि फोडांतल्या पाण्यातून. कोविडपासून लोक सॅनिटायझरच्या बाटल्या भेट देतात. पण कोविडच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं, ते अल्कोहोलने फुटतं. याच्यावर ते आवरणच नाही, त्यामुळे सॅनिटायझरवर विसंबून चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं, आणि खेळण्यांना ब्लीचचं पाणी. एका ताईवर दहा मुलं सोपवून फी कमी ठेवणारं पाळणाघर स्वस्त का पडतं, याचा हिशोब इथे लागतो.

घरी करण्यासारखं फार काही नसतं. अँटिबायोटिकचा विषाणूवर उपयोग नाही, डॉक्टरांच्या मागे लागू नका. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन अजिबात नाही. गार दूध, शहाळं, मऊ भात, गार खीर. आंबट-तिखट बंद. दोन दिवस जेवला नाही तरी चालेल, पाणी पोटात जायला हवं.

मात्र "साधंच असतं" म्हणून बेफिकीर राहू नका. यातलाच एन्टेरोव्हायरस ए71 हा प्रकार मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तैवानमध्ये 1998 च्या साथीत 78 मुलं दगावली होती. चीनमध्ये त्यावर लस देतात, आपल्याकडे ती मिळत नाही. मूल गळून पडलं, झोपेत सारखं दचकायला लागलं, चालताना झोक जाऊ लागला, उलट्या थांबेनात, श्वास जोरात चालू लागला, आठ तासांत शू झाली नाही किंवा ताप तीन दिवसांच्या वर गेला, तर ग्रुपवर फोटो टाकत बसू नका, दवाखाना गाठा.

आणि हो, महिन्या-दीड महिन्याने मुलाचं नख मुळापासून सुटून निघालं तर घाबरू नका. या आजारानंतर काही मुलांचं होतं तसं. दुखत नाही, खाली नवीन नख येत असतं. ओढून मात्र काढू नका.