मूळ घराला सिमेंटचा गिलावा नको

कोकणात गावच्या मूळपुरुषाने बांधलेलं घर राखायचं म्हटलं की एक सल्ला हमखास फिरतो: ‘मातीच्या, जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करा. ओल थांबते, भिंत मजबूत होते, पुन्हा खर्च नाही.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

ओल थांबत नाही, कोंडते. जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड, सच्छिद्र असतो. पावसाळ्यात जोत्यातून पाणी भिंतीत चढतं आणि एरवी चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जातं. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी आणखी वर चढतं, घराच्या आत पांढरा खार फुटतो आणि भिंतीत बसवलेली तुळयांची टोकं कुजतात. हे कुजणं बाहेरून दिसत नाही, म्हणून जास्त घातक. मूळ दोष बहुधा अंगणात असतो: पेव्हर घालून ते जोत्याला भिडवलेलं, पागोळ्यांचं पाणी तिथेच साचलेलं. आधी अंगण खाली घ्या, घरापासून बाहेर दर मीटरला 2 सेंमी उतार द्या, फुटकी कौलं बदला.

मजबुतीचं म्हणाल तर मऊ भिंतीवर कडक कवच बसत नाही. भिंत भिजताना-सुकताना किंचित हलते, सिमेंट हलत नाही, म्हणून तडकतं. बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजलं की ते सुटलंय. पडताना भिंतीची मातीही घेऊन पडेल. असा सुटलेला भाग दिवाळीनंतर छिन्नी-हातोडीने काढा, ब्रेकर लावू नका. घट्ट चिकटलेला भाग उपटू नका. मग भिंत दोनेक महिने वाळू द्या.

खर्चाबाबत एक खरं: चुन्याला अधूनमधून सफेदी लागते. पण ती हाताने होते. कुजलेली तुळई बदलायला छपराचं आढं टेकू लावून धरावं लागतं.

जांभ्यावरच्या गिलाव्याला विरवलेला, म्हणजे पाण्यात फोडलेला, चुना 1 माप आणि धुतलेली नदीची वाळू 3 मापं. खाडीची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. विरवताना कळीचा (भाजलेला, कोरडा) चुना पाण्यात थोडा थोडा टाका. चुन्यावर पाणी ओतलं तर उसळून डोळे भाजतात, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरवलेला चुना पाण्याखाली निदान 15 दिवस मुरवा. भिंत शिंपडून ओली करा, एक थर 8 ते 10 मिमीच ठेवा आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाका. घाईने सुकलेला चुना भुकटी होऊन झडतो. मातीच्या भिंतीला आधी भाताचा तूस कालवलेल्या मातीचा थर द्या, त्यावर चुन्याची सफेदी. प्लास्टिक पेंट मात्र कुठेच नको, तोही सिमेंटसारखीच वाट अडवतो.