घरबसल्याच तर केलंत!

आज डोकं सणकलंय. पोस्ट मोठी होणार, आधीच सांगते.

दुपारी इथे इंदूरला हातमागाच्या एका प्रदर्शनात गेले होते. स्टेजवर महिला सक्षमीकरण चालू होतं. पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकचं स्मृतिचिन्ह. हस्तकलेच्या कार्यक्रमात प्लास्टिक! असो. भाषणाला पहिल्या रांगेतून कडकडून टाळ्या वाजवणारी एक बाई (मराठी, आपल्यातलीच, म्हणून जास्त लागलं) उठली ती थेट महेश्वरच्या विणकरणीशी घासाघीस करायला. साडी 4200ची. "ढाई हजार में दे दो. घर बैठे ही तो बुनती हो!"

हे वाक्य मी आधी ऐकलंय.

बाबांची गिरणी बंद पडल्यावर आई रुखवताच्या वस्तू करून द्यायची. एका लग्नासाठी तिने अकरा रात्री जागून मण्यांचं तोरण केलं. द्यायला गेलो तेव्हा मी आठवीत होते, पिशवी माझ्या हातात. त्या काकूंनी तोरण उजेडात धरून तोंडभर कौतुक केलं, ठरलेल्यातले निम्मे पैसे दिले, आणि हळदीकुंकू लावून आईच्या ओटीत ब्लाउजपीस घातला. "घरबसल्याच तर केलंत!" कुंकू लावून घेतल्यावर हिशोब कसा मागणार? आई हसून उठली.

आज ती विणकरीणही तशीच हसत होती. काठ उलटा करून दाखवत होती. त्या काठाला बुगडी म्हणतात, दोन्हीकडून सारखीच. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा. चार दिवस मागावर बसलेय म्हणाली. समोरची मोबाइल बघत होती.

आपल्या इंदूरच्या विमानतळाला अहिल्याबाईंचं नाव, विद्यापीठाला बाईंचं नाव. त्यांनी काय केलं ते कुणाला हवंय? बाईंनी दानधर्म अमाप केला, घाट बांधले, देवळं बांधली. विणकरांना मात्र महेश्वरात वसवून काम दिलं, आणि साड्या-पागोटी दरबारच्या आहेरासाठी घेतली. म्हणजे गिऱ्हाईक झाल्या! पुढे ते माग थंडावले, तेव्हा 1978 साली होळकरांच्याच घरातून रेहवा सोसायटी ही हातमागाची संस्था निघाली आणि तिथे बायका मागावर बसल्या. त्या बायकांनाही पहिली गरज घेणाऱ्यांचीच असणार. भाषणं काय, कुणीही ठोकतं.

हो, माहितीये, हातमागाच्या नावाखाली यंत्राचा माल खपवणारेही आहेत. आणि 4200 सगळ्यांना परवडत नाहीत, मलाही दर महिन्याला नाही परवडत. मग घेऊ नका ना बाई! मॉलमध्ये स्टिकरवरचा आकडा मुकाट्याने देतोच की.

आता जरा शांत झालेय, तर माझंही सांगून टाकते. मागच्या वर्षी बाघ प्रिंटच्या (बाघ गावची ठशांची छपाई) चादरीवर मी 200 रुपये सोडवून घेतले आणि घरी येऊन फुशारकी मारली. तेव्हा नाही आठवलं ते तोरण.

साडी शेवटी 3000ला गेली. मी शेजारी उभी होते. एक शब्द बोलले नाही.

संध्याकाळी आईला फोन करून विचारलं, त्या ब्लाउजपीसचं काय केलंस गं? "पुढच्या चैत्रगौरीला दिला कुणाला तरी," म्हणाली. मग जरा थांबून, "मणी मात्र माझ्या पैशांचे होते हो."